मागची शिवण

५ ऑक्टोबर, गुरुवार

आधी माझ्या हातचं काय काय आहे ते लिहून ठेवतो, म्हणजे पुढं घोळ नको.

तंबू. अठरा बाय चोवीस फूट, मधली उंची अकरा. कापड मी बेतलं, मी कापलं, मी शिवलं. डांब सागवानी, रंधा मी मारला. मेखा बत्तीस, सव्वा फुटी, भट्टीवर बसून मी ठोकल्या. दाभण जुन्या छत्रीच्या काडीचं, दगडावर घासून मी केलं. दाभण रेटायला तळहातावर बांधायचं चामडं, तेही माझंच. मेणदोरा चार पदरी, मांडीवर वळला आणि मेणात घोळला. शिवण उसवायची सुरी, पोलादी पट्टीची, मूठ बाभळीची. पलंग सुतारानं केलाय, त्याचं नाव मी घेणार नाही. कमोड कंपनीचा आहे.

साडेअकराला पोचलो. नळदुर्गहून कृष्णराजची जीप घ्यायला आली होती. पाऊण तास लागला, शेवटची वीस मिनिटं नुसता मुरूम. वर आलो आणि खरं सांगतो, जीव हरखला. चारी बाजूंनी बालाघाटचे डोंगर, पिवळं पडत चाललेलं गवत, लांब पवनचक्क्या, आणि मध्ये माझा तंबू. असा ताणलेला, की बोट मारलं तर डफासारखा वाजावा. मी मारून बघितलं. वाजला.

कृष्णराज म्हणजे आमच्याकडच्या बागायतदार हिंमतरावांचा थोरला मुलगा. शिकून आला, शेतीत मन रमेना, म्हणून हा माळ विकत घेऊन 'मेघडेरा' काढलाय. याला ग्लॅम्पिंग म्हणतात. म्हणजे राहायचं तंबूत, पण खाली गालिचा, अंघोळीला गरम पाणी आणि सकाळी कॉफी. एका रात्रीचं भाडं ऐकून मी दुसऱ्यांदा विचारलं. घटस्थापनेला, म्हणजे पंधरा तारखेला, उद्घाटन. तुळजापूरला येणारी मोठी गिऱ्हाइकं इकडं वळवायची असा त्याचा बेत.

त्याचे पहिले तंबू मोठ्या शहरातल्या कंपनीचे होते. त्यांना मागंही दार होतं, चेनचं. जूनच्या वावटळीत तीच चेन उसवली, वारं आत शिरलं आणि तीन तंबू ओढ्यात सापडले. मग त्याला माझी आठवण झाली. मी बघितल्या बघितल्या सांगितलं होतं, मागं दार ठेवाल तर मागूनच जाल. माझ्या तंबूला दार एकच, समोर पूर्वेला, दोन पडदे आणि मध्ये चेन. मागच्या भिंतीत मधोमध एकच उभी शिवण, साडेसात फूट, इंचाला सहा टाके, दोन ओळी. एकूण टाके एक हजार ऐंशी. बाहेरून वर कापडी पट्टी आणि तांब्याचे रिव्हेट, म्हणजे चोराला बाहेरून सुरी लावता येत नाही. ती शिवण उघडायची तर आतूनच, आणि तीही माझ्यासारख्यालाच.

कुणी शिकवलं नाही मला. सातवी झालो आणि हायवेवर ट्रकच्या ताडपत्र्या शिवायला बसलो. भंगारातून मिलिटरीचा एक तंबू आणला, टाका न टाका उसवला, परत शिवला. असं तीनदा. तेच माझं कॉलेज.

कृष्णराजनं ही वही दिली. म्हणाला, शंभूकाका, अवसेपर्यंत तुम्ही स्वतः राहून बघा, काय खोट निघेल ती लिहा. खोट निघाली नाही तर उरलेले अकरा तंबू तुमचेच, आणि दारावर पितळी पाटी, 'कारागीर : शंभुलिंग, नळदुर्ग'. बावन्न वर्षांत माझं नाव कुठं लागलं नाही. लग्नपत्रिकेवर लागलं तेवढंच.

इथं सध्या मी आणि धनाजी दोघंच. तो स्वयंपाक आणि राखण बघतो, खालच्या धनगरवस्तीचा. हातातलं पीठ झटकत तंबू बघायला आला, सगळीकडून फिरला आणि म्हणाला, शंभूअप्पा, हितं मुंगीला शिरायचं तर आधार कार्ड दाखवावं लागल. मला लई आवडलं. मग मागच्या भिंतीपाशी जाऊन शिवण खालपासून वरपर्यंत बघितली. दिवस मावळायच्या आत, गडबडीनं, खाली वस्तीवर गेला.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

झोप उत्तम. वारं होतं, तणाव्यांच्या दोरांनी हूं केलं नाही.

खोट क्रमांक एक : मागच्या भिंतीला, शिवणीच्या डावीकडं, आतून ओल. डाग तळहाताएवढा, जमिनीपासून सव्वादोन फूट.

हे लिहावं लागलं याचा राग आला. बाहेरून हात लावला तर कापड कोरडं. पाऊस गेलाय, दव नाही. तेव्हा ही ओल श्वासाची. तंबूवाल्याला हे माहीत असतं, माणूस रात्रभर झोपला की त्याच्या श्वासाचं पाणी जवळच्या कापडाला धरतं. पण माझी उशी त्या भिंतीपासून मोजून सात फूट. माझा श्वास तिथवर जाऊन एवढ्याच जागी चिकटणार नाही. उद्या बघू.

नऊ वाजता धनाजीबरोबर त्याची चुलती आली. सखूबाई. वय पंच्याहत्तरच्या पुढं, पाठ वाकलेली, पण डोंगर चढून आली तरी धाप नाही. तंबूत ये म्हटलं तर आली नाही. बाहेरच बसली आणि माझ्या कामाची तारीफ केली. शिवणीवरून बोट फिरवलं, म्हणाली, हात चांगलाय बाबा तुमचा. मग मुद्द्यावर आली.

हे पीठ, म्हणजे हा दगडी चौथरा, कृष्णराजनं बांधलाय, पण जागा त्यांच्या जुन्या तळाची. पक्ष पंधरवड्यात त्यांच्यातले लोक इथं पाल ठोकतात. मोकळं पाल, आत कुणी झोपत नाही, फक्त पाण्याचा तांब्या आणि घुगऱ्या. मेंढरांमागं फिरता फिरता त्यांची कितीतरी माणसं परमुलखात गेली, ज्या वाटेवर गेली तिथंच माती दिली. ती माणसं आपापल्या तिथीला या खिंडीतून उतरतात, पालात शिरतात, पाणी पितात आणि मागच्या बाजूनं नदीकडं निघून जातात. म्हणून पालाची दोन्ही तोंडं उघडी ठेवायची. यंदा कृष्णराजच्या माणसांनी पाल ठोकू दिलं नाही. आणि आता त्याच जागी माझा तंबू.

म्हणाली, तंबू असू द्या, लई झ्याक हाय. तेवढी मागची शिवण उसवा, आवसेपतूर. आवस झाली की परत शिवा, शिवायची मजुरी म्या देते. आणि खरोखर पदराची गाठ सोडून पैसे पुढं केले. किती ते लिहीत नाही, हसू येईल.

मी तिला नीट समजावलं. शिवण उसवली की दाभणाची भोकं मोठी होतात, परत तोच टाका बसत नाही. हात जोडून सांगितलं, मावशी, आमच्या घरी महाळाची चाल नाही, पण तुमची आहे तर मान राखतो, बाजूला पाल ठोका, मी कृष्णराजशी बोलतो. ती म्हणाली, वाट बाजूला सरकत न्हाय बाबा. पैसे परत गाठीला बांधले. जाताना एवढंच विचारलं, रातच्याला चांगली झोप लागली का?

७ ऑक्टोबर, शनिवार

डाग तीन.

तिन्ही मागच्या भिंतीला, तिन्ही सव्वादोन ते अडीच फुटांत. कालचा होता तिथंच, उजवीकडं दोन नवे. पंचानं पुसले, दहा वाजेपर्यंत वाळले. रात्री मी मुद्दाम उशी दाराकडं केली होती. म्हणजे माझ्या तोंडापासून भिंत आता तेरा फूट.

दुपारी एक प्रयोग केला. त्या भिंतीपाशी मांडी घालून बसलो, कापडाकडं तोंड करून. माझ्या ओठांपासून जमीन सव्वादोन फूट भरली. टेपनं दोनदा मोजली.

धनाजीला डाग दाखवले. त्यानं लांबूनच बघितले आणि बोटावर काहीतरी मोजलं. विचारलं तर म्हणाला, परवा सातवी, काल आठवी. मी म्हणालो, अरे कापडाला तिथी कळत नाही. तो म्हणाला, कापडाला न्हाय कळत.

८ ऑक्टोबर, रविवार

सात.

काल अविधवा नवमी होती, असं धनाजीनं न विचारता सांगितलं. नवऱ्याआधी गेलेल्या बायांची तिथी. चार नवे डाग शिवणीच्या उजव्या अंगाला, एकमेकांना चिकटून, शेजारणी बसाव्यात तसे. तिथं गालिच्यावर हिरव्या काचेचा बारीक तुकडा सापडला. मी तो काडेपेटीत ठेवलाय. गालिचा अंथरणारी कुणी बाई असेल, तिची बांगडी फुटली असेल. असं लिहितो. पण गालिचा मी आणि धनाजीनं अंथरला.

धनाजीला आज सरळ धरून बसवलं. चहा दिला आणि म्हणालो, समजा, समजा हं, तुमचं खरं आहे. मग आत आलेले दारानं बाहेर का जात नाहीत? दार तर आहे की. त्यानं बशी खाली ठेवली. म्हणाला, आलेल्याला माघारी वळवायचं नसतं अप्पा. त्येंचं तोंड नदीकडं असतं. ती बसून राहतील, वाट उघडायची वाट बघतील. पर वळवू नये.

वळले तर काय, हे त्यालाही माहीत नाही. कुणी कधी मागची बाजू शिवलीच नव्हती.

मी मनात म्हणालो, मी सातवी शिकलेला असलो तरी एवढा अडाणी नाही. कापडात काही दोष असेल, सुतात मीठ असेल, मीठ ओल ओढतं. जिभेनं चाटून बघितलं. खारट नाही. लोकरीचा वास आला.

१० ऑक्टोबर, मंगळवार

काल लिहिलं नाही.

मागची भिंत जमिनीलगत बाहेर फुगलीय. वारं नसताना. मी बाहेरून बघितली, हात न लावता, जवळून. गोणीत भोपळे भरल्यावर दिसतात तशी उंचवट्यांची ओळ, गुडघ्याच्या उंचीवर. मागच्या आठ मेखा आपापल्या जागी दोन-दोन बोटं बाहेर झुकल्यात. घण घेऊन परत ठोकल्या. शेवटची ठोकताना आत कुणीतरी सरकून बसल्याचा आवाज आला, अंग चोरून जागा करून दिल्यासारखा. आत जाऊन बघितलं. कुणी नाही.

आज डाग मोजायला गेलो तर ओळ सलग झालेली. एकातून दुसरा सुटा दिसत नाही. फक्त कोपऱ्यात एक निराळा, लहान, रुपयाएवढा.

जमिनीपासून सोळा इंच.

हे माप मी एकदाच घेतलं.

११ ऑक्टोबर, बुधवार

कृष्णराज आला, बरोबर फोटोवाला. पाटी घेऊन आला. पितळी, अक्षरं खोदलेली, माझं नाव. दारावर मीच बसवली, पाणसळ लावून. फोटोवाला आत गेला आणि लगेच बाहेर आला, म्हणाला, काचेवर वाफ धरतेय सर, आत लई दमट आहे. कृष्णराज डोकावला. म्हणाला, शंभूकाका, चोवीस फूट म्हणालात ना? बारका वाटतोय. मी टेप काढला, मोजून दाखवला, चोवीस भरला. तो हसला. पण आत आला नाही.

त्यानं विचारलं, काही खोट? वही माझ्या हातात होती. सुरवातीच्याच पानांत 'खोट क्रमांक एक' लिहिलेलं. पाटीवर ऊन पडलं होतं.

मी म्हणालो, खोट नाही.

मग त्यानं आनंदाची बातमी सांगितली. अकरा तंबू पक्के. आणि माझ्यासाठी म्हणून त्यानं परस्पर माझ्या पोरीला, शिवकन्येला, फोन केलाय, अवसेला संध्याकाळी तिनं लेकीला घेऊन यावं, पहिल्या पाहुण्या त्याच. फुकट. गाडी नळदुर्ग स्टँडवर घ्यायला जाईल. पोरीनं आईमागं माझं घर चालवलं, तिला हौस कसली ती माहीत नाही. नात सहा वर्षांची. फोनवर नाचली म्हणे.

मी पंचानं पाटी पुसत राहिलो. कृष्णराजला वाटलं, मी गहिवरलो.

अवसेला कोण येतं, ते संध्याकाळी धनाजीला विचारलं. म्हणाला, ज्येची तिथी ठावं न्हाय, त्ये समदे. त्या दिवशी रात-दिवस बघत न्हाईत.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

भिंत कोरडी!

मागची भिंत कोरडी ठणठणीत. एकही डाग नाही. हात फिरवला, पालथा फिरवला, गाल लावून बघितला. फुगवटाही गेलाय, मेखा सरळ. मी मोठ्यानं हसलो. खोट क्रमांक एक रद्द, असं लिहायला वही उचलली.

वही ओली आहे.

उशी ओली आहे. पांघरूण गळ्यापासून पायांपर्यंत ओलं, पिळलं तर थेंब पडेल. माझ्या मिशांना पाणी. वही माझ्या डोक्याशी स्टुलावर होती, तिच्या वरच्या पानांची शाई पसरलीय, हे पेन्सिलीनं लिहितोय. माझा श्वास उशीच्या एका अंगाला पडतो. ही ओल चारी अंगांनी आहे.

भिंत कोरडी आहे, कारण आता कुणी भिंतीकडं तोंड करून बसलेलं नाही.

वळले ते.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

रात्र स्वयंपाकाच्या शेडमध्ये काढली. तंबूला दिवसाही पाठ करवत नाही.

पाण्याच्या टाकीवर चढलं की फोनला रेंज मिळते. चढलो. शिवकन्येला येऊ नको म्हणून सांगायचं होतं. ती उद्याची बॅग भरत होती, नातीनं नवीन फ्रॉक काढून ठेवलेला. म्हणाली, अप्पा, मी माझ्या बँकेतल्या मॅडमना सांगितलं, माझ्या वडिलांनी बांधलेल्या हॉटेलात चाललेय. तिला कसं सांगू. काय सांगू. माझ्या शिवणीत खोट आहे, हे सांगू?

म्हणालो, रात्री गार असतं, स्वेटर आण.

पाऊण तास टाकीवरच बसून राहिलो. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

आज चतुर्दशी. अपघातानं, हत्यारानं गेलेल्यांची. दिवस मावळायला सखूबाई आली. माझ्याकडं बघितलं नाही. तंबूच्या मागं, दहा पावलांवर, नदीच्या बाजूला बसली, पुढं पाण्याचा तांब्या. धनाजीनं सांगितलं, तिचा लेक, मल्हार. मेंढरं हायवे ओलांडत होती, कोकराला उचलायला वाकला आणि ट्रक आला. नऊ वर्षं झाली. दर चौदसेला ती अशी पालाच्या मागं बसते. दिसत काहीच नाही. तांब्यातलं पाणी हलतं. तेवढ्यावर वरीसभर जगते.

मी शेडमधून बघत होतो. चालत तिच्यापाशी जावं, सुरी घ्यावी, आत शिरावं आणि —

गेलो नाही. भीती वाटली, हे खरं. पण आधी पाटीकडं लक्ष गेलं, हेही खरं आहे. कुणापुढं नाही, निदान वहीपुढं खोटं नको.

१४ ऑक्टोबर, शनिवार. दुपार

सकाळी बघितलं तर ती अजून तिथंच होती. तांब्यातलं पाणी भरलेलं, वर माशी तरंगत होती. मला म्हणाली, आत गेला बाबा. भायेर आला न्हाय.

रडली नाही. मला रागं भरली असती तर बरं झालं असतं. धनाजीनं तिला हाताला धरून खाली नेलं. त्यानंही सांगितलं, तो आज वर येणार नाही, मीही खाली चलावं. मी म्हणालो, माझी पोर येतेय.

शिवकन्येचा फोन लागत नाही. एसटीत असेल. कृष्णराजचा बंद.

मी उसवणार. दिवसाउजेडी, माझ्या हातानं. शिवली मी, उघडणारही मीच. बाहेरून करायचं तर पट्टीचे रिव्हेट छिनीनं उडवताना कापड फाटणार, म्हणून आत जावं लागणार. दार मोकळं बांधून ठेवीन. एक हजार ऐंशी टाके, टाक्याला दोन सेकंद. पस्तीस-चाळीस मिनिटं. अडीचला आत, सव्वातीनला बाहेर. मग सखूबाईला बोलावणं धाडीन.

१४ ऑक्टोबर. तीन वाजून दहा

आत आहे.

दाराचे पडदे दोन्हीकडं बांधून आलो होतो, माझी गाठ. ती सुटली. चेन खाली आली, हळू, एकेक दात, कुणीतरी शिकत शिकत ओढावी तशी. धावलो. कापड भिजून फुगलंय, चेन कापडात रुतली, हलत नाही.

सुरी शिवणीत जात नाही. मेणदोरा ओला झाला की फुगतो, भोकं गच्च भरतो. म्हणून तर तो वापरतात. म्हणून तर माझा तंबू गळत नाही. यांच्याच श्वासानं शिवण दगड झालीय. वरचे चौदा टाके काढले. पंधराव्याला मूठ तुटली. बाभळीची, माझी —

पुसलं तरी भिंत लगेच ओली होतेय. डाग आता सव्वादोन फुटांवर नाहीत.

साडेचार फूट. पाच. उभे आहेत.

तीन पन्नास

दार बंद असूनही येताहेत. कापडातून आत येतात, बाहेर जात नाहीत. गुडघे पोटाशी घेऊन बसलोय, पलंगावर, जागा तेवढीच. टेप काढला. पलंगापासून भिंत सात फूट. सात फुटांत कोपर हलवता येत नाही —

कुणी काही करत नाही. मारत नाही. धरत नाही. नुसते वाकून बघतात, काय शिवलं मी, जवळून, इतक्या जवळून —

लोकरीचा वास. एक लहान हात माझ्या हातातली पेन्सिल चाचपतोय.

वेळ माहीत नाही. घड्याळाच्या काचेवर पाणी

जीप वाजली. वळणावर. पोर हसतेय, माझी नात, आज्जाचा तंबू आज्जाचा तंबू म्हणून ओरडतेय. ओरडावं म्हणतो, शिवकन्या दार उघडू नको, ओरडतोय, आवाजाला जागा नाही. सगळ्यांची तोंडं आता दाराकडं —

शिवकन्या. हे खालच्या फटीतून सरकवतो. दाराला हात लावू नको. लेकीला जीपमध्ये बसव. मागं ये. पट्टीचे रिव्हेट छिनीनं उडव, छिनी शेडमध्ये, डाव्या खिळ्याला. पाटी काढून टाक. सखूबाईला बोलाव, तिचा मल्हार इथं, माझ्या खांद्याशी. तिला सांग, मी चुकलो. तिनं मागितलं होतं, अवसेपर्यंतच. मजुरी देत होती, पदराची गाठ सोडून, लोकरीचे पैसे, मी हसलो, मी नको म्हणालो — अकराशे एक रुपये. फक्त मागची शिव